पदर डाव्या खांद्यावर

मराठीत सदरा घालतात, पागोटे बांधतात, शाल पांघरतात आणि साडी नेसतात. चार वस्त्रे आणि चार वेगळी क्रियापदे. सदऱ्याचा आकार शिंप्याने आधीच ठरवून ठेवलेला असतो. आपण फक्त त्यात शिरतो. साडीला असा ठरलेला आकार नाही. घडी मोडली की हातात येते ते एक लांबलचक सपाट कापड. त्याला आकार येतो तो नेसणारीच्या हातून, आणि तोही रोज नव्याने. एकाच मागावरच्या दोन साड्या दोघींच्या अंगावर अगदी निराळ्या दिसतात, त्याचे कारण हेच.

आजकाल मुंबई-पुण्यात ‘वॉर्डरोब कन्सल्टंट’ म्हणवणाऱ्या व्यावसायिक स्त्रिया आहेत. त्या घरी येतात, कपाट उघडायला लावतात, काय ठेवायचे, काय द्यायचे, कशावर काय घालायचे ते सांगतात आणि त्याची फी घेतात. हा व्यवसाय आपल्याकडे बाहेरून आला असे आपण धरून चालतो. त्याच्या नावापुरते आणि फीपुरते ते बरोबरही आहे. युरोपात अठराव्या शतकाच्या अखेरीस रोज बर्टिन ही फ्रान्सच्या राणीला, मारी आंत्वानेतला, पोशाखाचा सल्ला देत असे. १८५८ साली चार्ल्स वर्थने पॅरिसमध्ये आपली पेढी थाटली आणि गिऱ्हाइकाने काय घालावे हे शिवणाराच सांगू लागला. १९७५ साली अमेरिकेत जॉन मलॉय यांचे नोकरीतल्या पोशाखावरचे ‘ड्रेस फॉर सक्सेस’ हे पुस्तक निघाले. तोवर सल्ला हाच स्वतंत्र धंदा होऊ लागला होता. मात्र बर्टिन आणि वर्थ हे सल्लागार आधी विक्रेते होते. त्यांचा सल्ला मालाबरोबर येई.

आपल्याकडे या कामाची एक जुनी सुरुवात वेगळ्याच वाटेने झाली, आणि ती झाली मुंबईत. ती करणारी स्त्री मराठी नव्हती, पारशीही नव्हती. ती कलकत्त्याच्या जोडासाँको इथल्या ठाकुरांच्या वाड्यातली सून होती. तिला काही विकायचे नव्हते. तिच्यापुढे साधा प्रश्न होता : घराबाहेर पाऊल टाकायचे तर अंगावर काय असावे?

एकवस्त्र

ज्ञानदानंदिनीदेवी यांचा जन्म १८५० सालचा, जेसोर जिल्ह्यातल्या नरेंद्रपूरचा. सात-आठ वर्षांच्या वयात त्या देवेंद्रनाथ ठाकूर यांच्या दुसऱ्या मुलाची, सत्येंद्रनाथांची, पत्नी म्हणून जोडासाँकोच्या वाड्यात आल्या. रवींद्रनाथांचा जन्म त्यानंतरचा. ते त्यांचे धाकटे दीर. वाडा सुधारकांचा, देवेंद्रनाथ ब्राह्मो समाजाचे धुरीण, तरी अंतःपुराचे नियम कडक होते. बायकांनी बाहेर जायचे ते बंद पालखीतून. गंगास्नानाची इच्छा झालीच तर पालखीच पाण्यात बुडवून काढत.

या अंतःपुरातला पेहराव म्हणजे एकच साडी. दहा हात लांबीचे, म्हणजे सुमारे पाच वार, बहुधा अतितलम सुती वस्त्र. आत परकर नाही, वर चोळी नाही. जिथे फक्त घरातल्या बायका आणि लहान मुले वावरतात तिथे त्यात कोणाला काही कमी वाटत नसे. बंगालच्या उकाड्यात ते वस्त्र सोयीचेही होते. पेहराव आणि वाड्याच्या भिंती मिळून एक व्यवस्था होती. त्या व्यवस्थेत जे वस्त्राने झाकले जात नसे ते भिंतीने झाकले जाई.

सत्येंद्रनाथांना ही भिंत नको होती. मनोमोहन घोष या आपल्या मित्राला त्यांनी एकदा रात्री, कोणाला दोन माणसांच्या पावलांचा संशय येऊ नये म्हणून पावलाला पाऊल जुळवत, अंतःपुरात नेले आणि पत्नीच्या मच्छरदाणीत बसवले. दोघेही संकोचाने गप्प बसून राहिले आणि पाहुणा आला तसा परत गेला. ज्ञानदानंदिनींनी वृद्धपणी सांगितलेल्या आठवणी ‘पुरातनी’ या पुस्तकात आहेत. त्यांत हा प्रसंग येतो. पुढे सत्येंद्रनाथ विलायतेला गेले आणि १८६३ साली इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये निवडले गेलेले पहिले भारतीय ठरले. १८६४च्या अखेरीस परतल्यावर त्यांना मुंबई इलाखा मिळाला. पत्नीला बरोबर नेण्याची त्यांची मागणी देवेंद्रनाथांनी मान्य केली.

परवानगी मिळाली, आणि मग लक्षात आले की बोटीवर चढण्याजोगे वस्त्रच घरात नाही. एक साडी नेसून परपुरुषांनी भरलेल्या बोटीवर जाणे अशक्य होते. तेव्हा सत्येंद्रनाथांनी त्या काळी पैसेवाला सुधारक जे करील ते केले. कलकत्त्यातल्या एका फ्रेंच शिवणकारणीच्या दुकानातून ‘पौर्वात्य’ म्हणून एक पोशाख शिवून घेतला. तो इतका अवघड निघाला की ज्ञानदानंदिनींना तो एकटीने अंगावर चढवता येईना. नवऱ्याला मदत करावी लागे. चौदा वर्षांची मुलगी त्या पोशाखात घरातून पालखीने निघाली आणि मुंबईच्या बोटीवर चढली.

हा फसलेला पोशाख महत्त्वाचा आहे. पैसे खर्च झाले होते, तज्ज्ञाचा हात लागला होता आणि हेतूही चांगला होता. तरी तो फसला, कारण तो शिवणारीने नेसणारीचा दिवस कधी पाहिला नव्हता. खाली बसणे, जेवणे, मूल उचलणे, स्वतःच्या हाताने कपडे बदलणे हे काहीच त्यात धरलेले नव्हते.

माणकजींच्या घरात

मुंबईत हे जोडपे पहिले काही महिने माणकजी खरशेटजी यांच्या घरी राहिले. माणकजी पारशी समाजातले नामांकित सुधारक होते आणि मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात न्यायाधीश होते. मुलींना इंग्रजी शिक्षण मिळावे म्हणून त्यांनी १८६३ साली अलेक्झांड्रा संस्था काढली होती. स्वतःच्या मुलींना त्यांनी त्याआधीच घरी शिकवले होते. त्या मुली पाहुण्यांसमोर येत, बोलत, बरोबर जेवत. जोडासाँकोहून आलेल्या सुनेला घराच्या आतल्या आणि बाहेरच्या भागात भिंत नसलेले घर इथे प्रथम दिसले.

त्या घरातला पेहरावही तिने पाहिला. पारशी स्त्रिया गुजराती पद्धतीची साडी नेसत : आत परकर, वर पोलके, समोर निऱ्या, आणि मागून आणलेला पदर उजव्या खांद्यावरून पुढे सोडलेला. पोलक्याच्या आत पारशी धर्माचा पवित्र सदरा, केसांवर पांढरा रुमाल, त्याला माथाबाना म्हणत. चीनच्या व्यापारातून आलेल्या रेशमी भरतकामाच्या साड्या, म्हणजे गारा, सधन घरांत असत. हा पेहराव झाकणारा होता आणि चालताफिरताना सावरत बसावे लागत नसे. मुख्य म्हणजे तो अंगवळणी पडलेला होता. त्या घरातल्या बायका त्यात रोज वावरत होत्या.

ज्ञानदानंदिनींनी तो उचलला, पण जसाच्या तसा नाही. पदर त्यांनी उजव्या खांद्यावरून काढून डाव्या खांद्यावर घेतला. उजवा हात मोकळा राहिला. वर जाकीट, आत शेमीज आणि परकर, पायांत मोजे आणि जोडे. कापड त्यांच्या ओळखीचेच होते आणि जुळवणी नवी होती. पुढे बंगालमध्ये या पद्धतीला ‘बोम्बाई दस्तूर’, म्हणजे मुंबईची तऱ्हा, असे नाव पडले.

इथे मराठी वाचकाच्या मनात एक प्रश्न येणे साहजिक आहे. मुंबईत आलेल्या या बाईने मराठी लुगडे का उचलले नाही? गिरगावात, काळबादेवीवर, पुढे पुण्या-सोलापुरात तिच्यासमोर हजारो मराठी बायका वावरत होत्या. बंगालमध्ये जी अडचण होती ती इथे नव्हती. मराठी स्त्रीला चोळी होती, खणाची, समोर गाठ मारलेली. कासोटा होता, त्यामुळे परकराची गरज नव्हती. देवळात, बाजारात, नदीवर ती पायी जात होती. बाहेर पडण्याजोगा पेहराव हवा होता, तर तो दारातच होता.

याचे उत्तर त्यांनी स्वतः कुठे मांडलेले नाही. परिस्थितीवरून अनुमान करता येते. पहिले कारण कापडाचे. मराठी नेसणीला नऊ वार लागतात आणि बंगाली साडी पाच वारांची. कासोटा घालायचा तर नवीच वस्त्रे घ्यावी लागली असती. पारशी नेसणीत माहेर-सासरहून आलेली साडी चालत होती. फक्त आतले आणि वरचे कपडे शिवून घ्यायचे होते. दुसरे कारण पोटऱ्यांचे. कासोट्याच्या नेसणीत चालताना पोटऱ्या दिसतात. मराठी डोळ्याला त्यात कधी काही खटकले नाही, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या बायकांत ऊठबस करायची तर त्या काळच्या इंग्रजी शिष्टाचारात पाय दिसणे चालत नव्हते. तिसरे कारण साधे आहे. नेसणे हे बघून आणि कोणीतरी नेसवून दिले म्हणजे येते. त्यासाठी घरातली बाई लागते. त्यांना घर मिळाले ते पारशाचे.

पुढची सुमारे तीस वर्षे सत्येंद्रनाथ मुंबई इलाख्यात होते. अहमदाबाद, पुणे, सोलापूर, कारवार असे फिरत शेवटी १८९७ साली ते साताऱ्याहून न्यायाधीश म्हणून निवृत्त झाले. मुलगा सुरेंद्रनाथ पुण्यात जन्मला. सत्येंद्रनाथ मराठी शिकले, तुकारामांचे अभंग त्यांनी बंगालीत नेले, इथल्या जीवनावर ‘बोम्बाई चित्र’ हे पुस्तक लिहिले. नवऱ्याने या मुलखातून तुकाराम नेला आणि बायकोने साडी नेसण्याची तऱ्हा नेली. वाङ्मयाच्या इतिहासात पहिल्या देण्याची दखल घेतली जाते. दुसरे देणे मात्र रोज कोट्यवधी बायकांच्या अंगावर असूनही बिननावाचे राहिले.

शिकवणी

१८६६ साली ज्ञानदानंदिनी कलकत्त्याला परतल्या तेव्हा त्या पालखीतून उतरल्या नाहीत. वाड्याच्या दाराशी गाडीतून उतरून सर्वांदेखत आत गेल्या. घरात रडारड झाली. त्याच वर्षी लाटसाहेबांच्या, म्हणजे सर जॉन लॉरेन्स यांच्या, दरबारी समारंभाला त्या गेल्या. इतक्या लोकांत एक हिंदी स्त्री पाहून तिथल्या काही जणांना ही भोपाळची बेगम असावी असे वाटले, कारण उघडपणे वावरणारी दुसरी कोणी त्यांना माहीतच नव्हती. ठाकूर घराण्यातलेच प्रसन्नकुमार ठाकूर आपल्या कुळातली सून तिथे उभी असलेली पाहून लाजेने निघून गेले. सत्येंद्रनाथांनी हा प्रसंग आपल्या आठवणींत लिहून ठेवला आहे.

इथवरची गोष्ट एका बाईच्या स्वतःच्या पेहरावाची आहे. तिची नोंद इतिहासात ठेवावी ती त्यानंतर जे घडले त्यासाठी. ‘बामाबोधिनी पत्रिका’ हे १८६३ साली निघालेले बंगाली स्त्रियांचे मासिक. शिकलेल्या स्त्रीने बाहेर जाताना काय नेसावे यावर त्यात आणि एकूण ब्राह्मो मंडळींत चर्चा चालू होती. गाऊन घालावा तर धर्म बदलल्यासारखे दिसते. जुनी एक साडी पुरत नाही. तिसरे काय हे कोणी सांगेना. ज्ञानदानंदिनींनी याच मासिकातून जाहीर केले की ही नवी पद्धत कोणाला हवी असेल तर आपण शिकवू. शिकायला आलेल्या पहिल्या बायकांत सिव्हिल सर्व्हिसमधले बिहारीलाल गुप्त यांच्या पत्नी सौदामिनी होत्या. हळूहळू ब्राह्मो घरांत ती पद्धत रुळली. कोणी तिला ‘ठाकुरबाडीची साडी’ म्हणू लागले, कोणी ‘ब्राह्मिका साडी’.

या जाहिरातीत आजच्या वस्त्रसल्लागाराच्या कामाचे मूळ दिसते. आपल्याला सुटलेली अडचण दुसरीलाही आहे हे ओळखणे, ती सोडवण्याची रीत दुसरीच्या हाताला लावून देणे आणि आपण उपलब्ध आहोत हे उघडपणे सांगणे, या तिन्ही गोष्टी त्यात आहेत. सासू सुनेला नेसवते तेव्हा ती घरची रीत पुढे चालवते. इथे अनोळखी बायका मासिक वाचून एका बाईकडे येऊ शकत होत्या, आणि त्यांना मिळणार होते ते घरच्या रीतीत नसलेले काहीतरी.

याच वाड्यात झालेला दुसरा एक प्रयोग शेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. सत्येंद्रनाथांचे धाकटे भाऊ ज्योतिरिंद्रनाथ यांनी सगळ्या हिंदुस्थानासाठी एक पुरुषी पोशाख योजला. धोतर कामाला अडचणीचे आणि पाटलोण परकी, म्हणून त्यांनी पायजम्यावर पुढे धोतरासारखा चुणीदार भाग लावला. डोक्यासाठी सोला हॅट आणि पागोटे यांचा संकर केला. तो पोशाख करून ते भर दुपारी कलकत्त्याच्या रस्त्यातून गाडीतून गेले. रवींद्रनाथांनी ‘जीवनस्मृती’मध्ये या प्रकरणाची प्रेमळ थट्टा केली आहे : देशासाठी प्राण देणारे वीर पुष्कळ मिळतील, पण देशासाठी असा पोशाख घालून हिंडणारा विरळा, अशा अर्थाची. त्या पोशाखाचे पुढे काही झाले नाही.

एकाच घरात तीन प्रयत्न झाले. फ्रेंच दुकानातून विकत आणलेला पोशाख टिकला नाही. विचाराने कागदावर जुळवलेला पोशाख टिकला नाही. शेजारणीचे पाहून शिकलेला आणि एका खांद्याने बदललेला पेहराव टिकला. माझ्या मते वैयक्तिक शैली घडते ती अशीच. ती शून्यातून येत नाही आणि दुकानातूनही येत नाही. ओळखीच्या वस्त्रात गरजेपुरता एक फेरफार होतो, तो रोज वापरून पाहिला जातो, आणि त्यातून जे उरते ती शैली.

शिकलेल्यांनी पुढे त्यातही फेरफार केले. कूचबिहारच्या महाराणी सुनीतीदेवी या केशवचंद्र सेन यांच्या कन्या. त्यांनी खांद्यावरचा पदर ब्रोचने टाचला आणि डोक्यावर छोटे आच्छादन घेतले. मूळ शिकवणाऱ्या बाईच्या पद्धतीत शिकणाऱ्यांनी भर घातली आणि ती पद्धत एकट्या ठाकूर घराची राहिली नाही.

उलटी वाट

ज्ञानदानंदिनी बंगालमधून मुंबईला आल्या. त्यानंतर सतरा-अठरा वर्षांनी एक मराठी मुलगी उलट्या वाटेने बंगालमध्ये गेली आणि तिच्यापुढे हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहिला. गोपाळराव जोशी टपाल खात्यात होते. त्यांची बदली १८८१ साली कलकत्त्याला आणि मग श्रीरामपूरला झाली. बरोबर आनंदीबाई होत्या. मराठी रिवाजाप्रमाणे त्या लुगडे नेसून, तोंडावर पडदा न घेता नवऱ्याबरोबर रस्त्याने चालत. जिथे भल्या घरची बाई रस्त्यावर दिसतच नसे तिथे याचा परिणाम असा झाला की लोक थांबून बघत, शेरे मारत. श्रीरामपूरच्या कॉलेजात २४ फेब्रुवारी १८८३ रोजी दिलेल्या इंग्रजी भाषणात आनंदीबाईंनी हा छळ सांगितला आहे. जे वस्त्र पुण्या-कल्याणला मर्यादशील होते तेच श्रीरामपूरला संशयास्पद ठरले. अमेरिकेला का जाता या प्रश्नाला उत्तर देताना त्यांनी हेही सांगितले की आपण हिंदू म्हणून जाऊ, आपले खाणेपिणे आणि पेहराव न बदलता राहू.

एप्रिल १८८३मध्ये त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटरबाईंच्या घरी पोचल्या. तिथे थंडी होती आणि तिथले लोक स्त्रीचा घोटा दिसला तरी दचकत. नऊवारी लुगड्यात पाय उघडे राहतात. आनंदीबाईंनी विचार करून गुजराती नेसण घेतली : आत परकर, खाली पायघोळ साडी, वर पोलके. भाषणातला शब्द त्यांनी मोडला का? त्यांच्या दृष्टीने नाही. साडी साडीच राहिली होती. देशी वस्त्राच्या आतच दुसऱ्या प्रांताची तऱ्हा घेतली होती. फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयात १० ऑक्टोबर १८८५ रोजी काढलेल्या छायाचित्रात जपानची केई ओकामी आणि सीरियाची साबात इस्लामबुली यांच्याशेजारी त्या साडीत बसल्या आहेत. तिघी आपापल्या देशाच्या वेषात आहेत.

दोघींनी स्वतंत्रपणे एकच उत्तर काढले, आणि तेही एकाच प्रांताकडून उसने घेऊन. पण आनंदीबाईंचे उत्तर त्यांच्यापाशीच राहिले. ११ मार्च १८८६ला त्या डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात वारल्या. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. शिकवायला अवधीच मिळाला नाही. शैली माणसाबरोबर जाते. मागे राहते ती दुसऱ्याला शिकवलेली रीत.

अर्थात महाराष्ट्रात त्या रीतीची तेव्हा निकड नव्हती हेही खरे. रमाबाई रानडे आयुष्यभर लुगड्यात राहिल्या. त्यांनी सभा गाजवल्या, पुण्याचे सेवासदन चालवले, तुरुंगात आणि इस्पितळात स्त्रियांना भेटायला त्या गेल्या. कासोटा कुठे आडवा आला नाही. ज्या वस्त्राने बाहेर जाता येते ते बदलायचे कशाला? गोल साडी मराठी घरांत मोठ्या प्रमाणावर आली ती विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात आणि त्यानंतर. तेव्हाचे कारण निराळे होते : कॉलेज, कचेरी, लोकल गाडी, आणि चित्रपटांतून दिसणाऱ्या नायिका. सुनांनी पाच वार मागितले आणि सासवांनी कासोटा नसणे अशुभ ठरवले. कित्येक घरांत तोड अशी निघाली की बाहेर जाताना गोल आणि सणावाराला, सोवळ्यात नऊवारी.

सल्ल्याची किंमत

इथे या इतिहासाची दुसरी बाजूही मांडायला हवी. ज्ञानदानंदिनींनी फी घेतली नसेल, पण त्या सल्ल्याची किंमत कोणीतरी दिलीच. साडीबरोबर शेमीज, परकर, जाकीट, मोजे, जोडे आले म्हणजे कापड आले, शिंपी आला, धुण्याला साबण आला. ज्या घरात हे परवडत होते तिथल्या बायकांना दार उघडले. जिथे परवडत नव्हते तिथे पूर्वीचीच एक साडी राहिली. फक्त आता तिला नवे नाव मिळाले. पूर्वी ती बंगालच्या जमीनदारिणीची आणि तिच्या मोलकरणीची सारखीच होती, कापडाचा पोत तेवढा वेगळा. आता पोलके असलेली ती भद्रमहिला आणि नसलेली ती उघडी, असा भेद झाला. सभ्यतेची रेघ कपड्यावर आखली गेली आणि त्या रेघेखाली शेतावर, घाटावर, गिरणीत राबणाऱ्या बायका राहिल्या.

महाराष्ट्रात हीच रेघ पुढे उलटी फिरली. गोल साडी शहराची, शिकलेल्यांची झाली तसे लुगडे आजीचे, खेड्याचे, मासळी विकणारीचे झाले. ज्या कासोट्यात बाई घोड्यावर बसू शकत होती, भातात वाकून लावणी करू शकत होती, तो मागासलेपणाची खूण ठरला. गोल साडीत भराभर चालता येत नाही, पळता तर येतच नाही. वस्त्र म्हणून लुगडे कुठेच कमी पडले नव्हते. ते नेसणाऱ्यांची पत कमी धरली गेली.

कपड्याचा सल्ला देणाऱ्या प्रत्येकीने हे ध्यानात ठेवावे असे मला वाटते. ‘हे तुम्हाला शोभते’ असे एकीला सांगताना ‘ते शोभत नाही’ हेही कुठेतरी ठरत असते, आणि ते ठरते ते समोर बसलेल्या एका बाईपुरते राहत नाही. ज्ञानदानंदिनींच्या बाजूने एवढे नक्की म्हणता येईल की त्यांनी सुरुवात दिसण्यापासून केली नव्हती. बोटीवर चढता यावे, गाडीतून उतरता यावे, उजवा हात मोकळा असावा, इथून केली होती. आज एखादी सल्लागार कपाटाचे दार उघडते तेव्हा तिचा पहिला प्रश्न ‘तुम्हाला कसे दिसायचे आहे?’ हा असतो. ज्ञानदानंदिनींचा पहिला प्रश्न ‘कुठे जायचे आहे?’ हा होता. दोन्ही प्रश्नांची उत्तरे कधी एकच येतील, कधी येणार नाहीत; पण क्रम बदलला की सल्ला बदलतो.

ज्ञानदानंदिनी १९४१ साली, रवींद्रनाथ गेले त्याच वर्षी, वारल्या. मधल्या काळात त्या तीन मुलांना घेऊन नवऱ्याशिवाय विलायतेला जाऊन आल्या होत्या, ‘बालक’ हे मुलांचे मासिक त्यांनी काढले होते. त्यांची नेसण तोवर बंगालबाहेर पसरली होती. तिच्यावर कोणाचे नाव नव्हते, आणि शिकवलेल्या गोष्टीचे असेच होते : ती पुरती रुजली की शिकवणारी विसरली जाते. आज देशाच्या कोणत्याही शहरात साडी म्हणताच समोर निऱ्या आणि डाव्या खांद्यावर पदर हेच चित्र डोळ्यांपुढे येते. पदर तिथे कसा आला हे विचारावेसेही कोणाला वाटत नाही.

आणि लुगडे परत आले आहे. लग्नसराईत, गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत, मुली नाकात नथ आणि अंगावर नऊवारी लेवून निघतात. ती नेसवून देणाऱ्या बायका मुंबई-पुण्यात, नाशिक-कोल्हापुरात आता आगाऊ नोंदणीवर मिळतात. पहाटे कार्यालयात येतात, नवरीला, करवलीला, नवरीच्या आईला तासाभरात नेसवतात आणि पुढच्या मांडवाकडे जातात. त्यांच्या हातात जे कौशल्य आहे ते पूर्वी प्रत्येक घरात होते. आता ते विकत घ्यावे लागते, म्हणून निदान त्याला दाम तरी मिळतो.

ज्यांना तेवढा वेळ नाही त्यांच्यासाठी शिवलेली नऊवारीही निघाली आहे. कासोटा शिंप्याने शिवलेला, निऱ्या टाचलेल्या, कमरेला इलॅस्टिक. दोन मिनिटांत अंगावर चढते आणि फोटोत छान दिसते. ती मुलींना आवडते आणि त्यात वाईट काहीच नाही. फक्त मुली काय म्हणतात ते कान देऊन ऐकावे. शिवलेली नऊवारी त्या नेसत नाहीत, घालतात.